कंपवाताची औषधे: गुण आणि दुष्परिणाम यांचा मेळ घड्याळावर बसवताना

कंपवाताचे म्हणजेच पार्किन्सन्सचे निदान होऊन औषधाचे पहिले पाकीट घरी येते, तेव्हा त्याच्याकडे बहुधा दोन टोकांच्या भावनांनी पाहिले जाते. गोळी सुरू झाली म्हणजे आजार थांबेल असे काहींना वाटते, तर गोळी जितकी उशिरा सुरू होईल तितके बरे, कारण काही वर्षांनी तिचा गुण येईनासा होतो, असे काहींना वाटते. दोन्ही समजुतींनी रुग्णांचे नुकसान होते. मेंदूतील पेशींचा ऱ्हास थांबवते असे निःसंशय सिद्ध झालेले एकही औषध आज उपलब्ध नाही. मात्र योग्य मात्रा योग्य वेळी पोटात गेली, तर चालणे, लिहिणे, सदऱ्याची बटणे लावणे, रात्री अंथरुणात कुशीवर वळणे या गोष्टी अनेक वर्षे रुग्णाच्या हातात राहतात. या आजारात गुण आणि दुष्परिणाम हे बहुतेकदा एकाच औषधाचे, दिवसातल्या वेगवेगळ्या वेळी दिसणारे परिणाम असतात. म्हणूनच डॉक्टरांच्या चिठ्ठीइतकेच महत्त्व घरातल्या घड्याळाला आणि वहीला आहे, असे माझे ठाम मत आहे. पुढील पायऱ्या रुग्णासाठी आणि त्याच्या शुभंकरासाठी, म्हणजे काळजी घेणाऱ्यासाठी, लिहिल्या आहेत. मात्रेतील प्रत्येक बदल मात्र उपचार करणाऱ्या मेंदुविकारतज्ज्ञांनीच करायचा आहे.

पहिली पायरी: औषध शरीरात काय करते ते समजून घेणे

जेम्स पार्किन्सन या इंग्रज वैद्याने १८१७ साली या आजाराचे वर्णन केले, पण त्याचे कारण कळायला जवळजवळ दीडशे वर्षे जावी लागली. १९६० साली ओलेह हॉर्निकिविच यांनी दाखवून दिले की या रुग्णांच्या मेंदूत डोपामीन हे रसायन फार कमी झालेले असते. डोपामीन थेट गोळीतून देऊन उपयोग होत नाही, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधील पडदा ते ओलांडू शकत नाही. लेव्होडोपा हा त्याचा कच्चा माल मात्र तो पडदा ओलांडतो आणि मेंदूत पोहोचल्यावर त्याचे डोपामीन होते. १९६७ साली जॉर्ज कोटझियास यांनी तोंडावाटे, हळूहळू वाढवत नेलेल्या मात्रेचा गुण दाखवला आणि आजच्या उपचाराचा पाया घातला गेला.

अडचण अशी होती की मेंदूत पोहोचण्याआधीच बराचसा लेव्होडोपा आतड्यात आणि रक्तात डोपामीनमध्ये बदलून जाई, आणि त्यामुळे मळमळ, उलट्या होत. म्हणून त्याच्या जोडीला कार्बिडोपा किंवा बेन्सेराझाइड दिले जाते. हा जोडीदार मेंदूत शिरत नाही. तो लेव्होडोपाला वाटेत खर्च होण्यापासून वाचवतो. कार्बिडोपा दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम मिळाला तरच तो हे काम नीट करतो. पाकिटावर काही वेळा दोन्ही घटकांची बेरीज छापलेली असते, त्यामुळे १०० मिलिग्रॅम लेव्होडोपाबरोबर कार्बिडोपा १० आहे की २५, हे नीट वाचावे. मात्रा कमी असूनही मळमळ थांबत नसेल, तर आपल्या गोळीत कार्बिडोपा पुरेसा आहे का, हा प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावा.

दुसरी पायरी: पहिली गोळी कोणती आणि कधी

लेव्होडोपा राखून ठेवावा, तो पाचच वर्षे चालतो, ही भीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ४४५ रुग्णांपैकी निम्म्यांना लेव्होडोपा लगेच आणि निम्म्यांना ४० आठवडे उशिरा दिला गेला. ८० आठवड्यांच्या अखेरीस दोन्ही गटांची स्थिती सारखीच होती. म्हणजे लवकर सुरू केल्याने आजाराची गती कमी झाली नाही, तशीच ती वाढलीही नाही. मधल्या काळात ज्यांना औषध मिळाले नाही, ते त्रास मात्र सोसत राहिले. काही वर्षांनी गुण कमी वेळ टिकू लागतो तो मुख्यतः आजार पुढे सरकल्यामुळे. उरलेल्या पेशींना डोपामीन साठवून पुरवून वापरणे जमेनासे होते. त्यामुळे कामात, चालण्यात, स्वतःचे स्वतः आवरण्यात अडथळा येऊ लागला की औषध टाळण्यात काही शहाणपणा नाही.

मात्रा जास्त ठेवण्यात मात्र धोका आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिवसाला १५०, ३०० आणि ६०० मिलिग्रॅम अशा तीन मात्रा ४० आठवडे दिल्या गेल्या. ६०० च्या गटात गुण सर्वाधिक दिसला, पण अनैच्छिक हालचालीही सुमारे १६ टक्के जणांत दिसल्या. कमी मात्रांच्या गटांत त्या ३ टक्क्यांच्या आसपास होत्या. दैनंदिन कामे होतील एवढी, आणि तेवढीच मात्रा, हे सूत्र यातून निघते.

साठीच्या पुढच्या रुग्णाला किंवा ज्याची स्मृती आधीच कमजोर आहे त्याला सहसा लेव्होडोपाच दिला जातो. तरुण रुग्णात अनैच्छिक हालचाली लवकर सुरू होण्याचा संभव असल्याने इतर औषधांनी सुरुवात करण्याचा विचार होतो. निवड करण्यापूर्वी डॉक्टरांना काही गोष्टी न विचारता सांगाव्यात: चालू असलेली सर्व औषधे, मूत्रपिंडाचा आजार, काचबिंदू, लघवी अडकण्याचा त्रास, बद्धकोष्ठता, उभे राहताना येणारी चक्कर, झोपेत ओरडणे किंवा हातपाय झाडणे, भास, आणि पूर्वी जुगाराचे किंवा दारूचे व्यसन असल्यास तेही. शेवटची गोष्ट सांगताना संकोच वाटतो, पण पुढे दिल्याप्रमाणे औषधाची निवड त्यावर अवलंबून असू शकते. खाजकुयलीच्या बियांचे चूर्ण कोणी घेत असेल तर तेही सांगावे, कारण त्या बियांत लेव्होडोपाच असतो आणि चूर्ण व गोळी मिळून नकळत दुप्पट मात्रा पोटात जाऊ शकते.

तिसरी पायरी: पहिले काही आठवडे

सुरुवात लहान मात्रेने, बहुधा अर्ध्या गोळीने होते आणि ती दर काही दिवसांनी वाढवली जाते. परिणाम दोन दिवसांत दिसला नाही म्हणून निराश होऊ नये आणि स्वतःहून मात्रा वाढवू नये. मंदपणा आणि ताठरपणा यांवर गुण आधी आणि जास्त दिसतो. थरथर कधी कधी हटवादी असते आणि चांगल्या मात्रेलाही दाद देत नाही.

मळमळ झाल्यास सुरुवातीला गोळीबरोबर थोडे कोरडे, प्रथिने कमी असलेले खाणे घ्यावे. बहुतेकांची मळमळ काही आठवड्यांत ओसरते. ती थांबवण्यासाठी मेटोक्लोप्रमाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन कधीही घेऊ नये, कारण ही औषधे मेंदूत डोपामीनचा मार्गच अडवतात आणि कंपवात वाढवतात. डॉम्पेरिडोन मेंदूत फारसे शिरत नाही, म्हणून ते चालते. पण हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असल्यास आधी ईसीजी काढावा लागतो.

दुसरा लवकर दिसणारा दुष्परिणाम म्हणजे उभे राहताच रक्तदाब उतरणे. घरी यंत्र असेल तर पाच मिनिटे आडवे पडून एकदा आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा एकदा मोजावे. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरत असेल तर तो लिहून ठेवून डॉक्टरांना कळवावा. अशा वेळी पूर्वीपासून चालू असलेली रक्तदाबाची गोळी कमी करणे हाच कित्येकदा पहिला उपाय असतो. अंथरुणातून उठताना आधी कडेला बसावे, पाय हलवावेत, मगच उभे राहावे. पाणी पुरेसे प्यावे. लघवी, घाम किंवा लाळ गडद रंगाची दिसली तर घाबरू नये. तो औषधाचा निरुपद्रवी परिणाम आहे.

चौथी पायरी: गोळी आणि जेवण

कार्बिडोपासोबत घेतलेल्या लेव्होडोपाचे रक्तातील प्रमाण साधारण दीड तासात निम्मे होते. आजाराच्या सुरुवातीला मेंदूतील साठा हे चढउतार झाकून घेतो, म्हणून गोळी तासभर मागेपुढे झाली तरी फारसे जाणवत नाही. पुढे तोच तास फार मोठा ठरतो. गोळीची वेळ आधीपासूनच मिनिटांच्या हिशेबात पाळावी असे मी आग्रहाने सांगतो, ते यासाठीच. सवय जडायला काही काळ जावा लागतो.

लेव्होडोपा हा स्वतः अमिनो आम्ल असल्याने आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाताना त्याला प्रथिनांतून येणाऱ्या अमिनो आम्लांशी स्पर्धा करावी लागते. म्हणून गोळी जेवणापूर्वी अर्धा तास किंवा जेवणानंतर किमान एक तासाने, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी. दुधाबरोबर गोळी घेण्याची सवय असल्यास ती बदलावी. याचा अर्थ प्रथिने बंद करणे असा नव्हे. या आजारात वजन आणि स्नायू आधीच घटत असतात, त्यामुळे एकूण प्रथिने कमी करणे घातक आहे. दुपारच्या जेवणानंतर दर दिवशी गोळी ‘लागू पडत नाही’ असे वहीतून दिसले, तरच प्रथिनांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणाकडे वळवावा, आणि तोही आहारतज्ज्ञांना विचारून. लोहाची गोळी लेव्होडोपाचे शोषण कमी करते. दोन्हींमध्ये किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. बद्धकोष्ठतेवरही नेटाने उपचार करावेत, कारण मंदावलेल्या पोटात गोळी नुसती पडून राहते आणि दोष गोळीला दिला जातो. हळूहळू विरघळणारी गोळी कधीही कुटू किंवा चावू नये.

पाचवी पायरी: वही

माझ्या दृष्टीने या सगळ्यात सर्वांत मोलाची पायरी हीच. डॉक्टर रुग्णाला काही मिनिटे पाहतात, आणि त्या मिनिटांत तो गोळीच्या चढत्या प्रभावात आहे की उतरत्या, हे त्यांना सांगितल्याशिवाय कळत नाही. भेटीपूर्वी सलग तीन दिवस, जागेपणी दर अर्ध्या तासाला एक नोंद करावी. कागदावर डावीकडे वेळ लिहावी, मग गोळी, मग खाणे, आणि शेवटी शरीराची स्थिती. स्थितीसाठी चार शब्द पुरतात: ‘ऑफ’ म्हणजे हालचाल मंद, ताठर किंवा अडलेली, ‘ऑन’ म्हणजे मोकळी, ‘ऑन, पण जादा हालचाल’, आणि ‘झोप’.

समजा आठ वाजता गोळी घेतली, पावणेनऊला हात मोकळा झाला, साडेनऊ ते दहा मान आणि खांदे आपोआप डुलत राहिले, साडेअकराला पाऊल जड झाले आणि पुढची गोळी एक वाजता आहे. एवढ्या चार ओळींतून तीन वेगळ्या गोष्टी दिसतात. पावणेनऊपर्यंतचा काळ गोळी चढायला लागलेला आहे. तो वाढत चालला असेल तर जेवण आणि बद्धकोष्ठता पाहावी. मधली डुलण्याची हालचाल ही डिस्कायनेशिया, म्हणजे रक्तातील लेव्होडोपा शिखरावर असताना होणारी अनैच्छिक हालचाल आहे. साडेअकरापासूनचा काळ हा गुण ओसरण्याचा आहे. आता या रुग्णाची फक्त मात्रा वाढवली तर डुलणे वाढेल, आणि फक्त कमी केली तर जडपणा वाढेल. म्हणून बहुधा मात्रा लहान करून वेळा वाढवल्या जातात किंवा दुसरे औषध जोडले जाते. ‘सकाळी त्रास होतो’ एवढ्या तक्रारीवरून हा निर्णय कोणालाही घेता येणार नाही.

थरथर आणि डिस्कायनेशिया यांत घरच्यांचा नेहमी गोंधळ होतो. थरथर लयबद्ध, एकसारखी आणि बहुधा हात स्वस्थ असताना होते. डिस्कायनेशिया वाहती, वळवळणारी, नाचल्यासारखी असते. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचे चित्रण करून त्याखाली वेळ लिहावी. गंमत अशी की ही हालचाल पाहणाऱ्याला जितकी खुपते तितकी ती रुग्णाला बहुतेकदा खुपत नाही, आणि ऑफपेक्षा ती परवडली असे अनेक रुग्ण सांगतात. अशा वेळी निर्णय रुग्णाच्या सोयीने व्हावा.

गुण ओसरण्याची लक्षणे केवळ हातापायांतच असतात असे नाही. अकारण घाबरणे, घाम, उदासी, पोटात गच्च वाटणे, पहाटे पायाची बोटे वळून दुखणे हीसुद्धा ऑफची चिन्हे असू शकतात. ती गोळीच्या घड्याळाशी जुळतात का, हे वहीच सांगते.

सहावी पायरी: जोडीची औषधे आणि प्रत्येकाची किंमत

प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल आणि त्वचेवर लावायची रोटिगोटिनची पट्टी ही औषधे मेंदूत डोपामीनची जागा घेतात. त्यांचा प्रभाव जास्त वेळ टिकतो आणि त्यांच्यामुळे डिस्कायनेशिया लेव्होडोपापेक्षा कमी प्रमाणात उद्भवते. पण पायांना सूज, दिवसा गुंगी, भास हे परिणाम लेव्होडोपापेक्षा जास्त दिसतात, आणि कधी कधी बोलता बोलता किंवा वाहन चालवताना अचानक झोप लागते. असे एकदाही घडले तर वाहन चालवणे त्याच दिवशी थांबवावे. प्रामिपेक्सोल मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते, त्यामुळे मूत्रपिंडे कमजोर असतील तर मात्रा कमी ठेवावी लागते.

या गटाचा सर्वांत दुःखद दुष्परिणाम म्हणजे आवेगांवरचा ताबा सुटणे: जुगार, अवाजवी खरेदी, लैंगिक इच्छेचा अतिरेक, रात्री उठून खात सुटणे, तासन्‌तास एकच वस्तू उघडून जोडत बसणे. तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या एका पाहणीत, २०१० साली, ही औषधे घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी सुमारे ७ टक्के जणांत असे वर्तन आढळले. रुग्ण ते लपवतो, कारण त्याला स्वतःचीच लाज वाटते. घरचे त्याला स्वभाव बिघडला म्हणून बोल लावतात. हा औषधाचा परिणाम आहे आणि औषध कमी केल्यावर बहुतेकदा ओसरतो, हे घरातल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशीच सांगून ठेवावे. पैशांच्या व्यवहारावर सुरुवातीपासून दोघांची नजर असावी. ही औषधे अचानक बंद केल्यास तीव्र चिंता, घाम आणि नैराश्य येऊ शकते, म्हणून ती पायरीपायरीने उतरवावी लागतात.

रासाजिलिन, सेलेजिलिन आणि सॅफिनामाइड ही औषधे डोपामीनचे विघटन मंदावतात. त्यांचा गुण माफक असतो, पण ती घ्यायला सोपी असतात. सेलेजिलिन संध्याकाळी घेतल्यास झोप उडते. या गटाबरोबर ट्रॅमाडोल, पेथिडिन ही वेदनाशामके आणि खोकल्याच्या औषधातील डेक्स्ट्रोमेथॉर्फन घेणे धोक्याचे आहे. नैराश्यावरील गोळ्याही विचारूनच घ्याव्यात. एन्टाकॅपोन प्रत्येक लेव्होडोपाबरोबर घेतले जाते आणि गुण टिकण्याचा काळ वाढवते. लघवी नारिंगी होते आणि काहींना महिन्यांनंतरही जुलाब सुरू होतात. त्याच गटातील ओपिकापोन दिवसातून एकदा, झोपताना घेतात. दोन्हींमुळे डिस्कायनेशिया वाढू शकते, आणि मग लेव्होडोपाची मात्रा कमी करावी लागते.

अमांटाडीन मूळचे इन्फ्लुएन्झावरचे औषध. ते डिस्कायनेशिया कमी करते, पण पायांवर जाळीदार जांभळट चट्टे, घोट्याला सूज, निद्रानाश आणि भास होऊ शकतात. ट्रायहेक्सिफेनिडिल तरुण रुग्णाची थरथर कमी करू शकते. वयस्कर माणसात ते विस्मरण, गोंधळ, बद्धकोष्ठता आणि लघवी अडकणे घडवते. सत्तरीच्या रुग्णाच्या चिठ्ठीवर ते वर्षानुवर्षे तसेच चालू असेल, तर त्याची अजून गरज आहे का हे विचारावे.

सातवी पायरी: भास दिसू लागल्यास

खोलीत लहान मुले दिसणे, कोपऱ्यात कोणी उभे असल्यासारखे वाटणे, जोडीदारावर विनाकारण संशय घेणे हे बदल रुग्णाशी वाद घालून जात नाहीत. ते अचानक सुरू झाले असतील तर आधी लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, शरीरातील पाण्याची कमतरता आणि नव्याने सुरू झालेली गोळी यांचा शोध घ्यावा. त्यानंतर डॉक्टर साधारणपणे ट्रायहेक्सिफेनिडिल, अमांटाडीन, मग डोपामीनची जागा घेणारी औषधे अशा क्रमाने कमी करत जातात आणि लेव्होडोपाला शेवटी हात लावतात. मनोविकारांसाठी वापरली जाणारी हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन ही औषधे कंपवात तीव्र करतात. गरज पडल्यास क्वेटियापिन किंवा क्लोझापिन कमी मात्रेत वापरले जाते. क्लोझापिन घेताना पांढऱ्या पेशींची नियमित तपासणी अनिवार्य आहे. चक्कर येते म्हणून सहज दिल्या जाणाऱ्या सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन या गोळ्याही टाळायच्या यादीत आहेत.

आठवी पायरी: गोळी कधीही एकाएकी थांबवू नये

लेव्होडोपा अचानक बंद झाल्यास अंग लाकडासारखे ताठ होणे, तीव्र ताप, शुद्ध हरपणे अशी जीवघेणी अवस्था येऊ शकते. गोळ्या संपणे, उलट्या होणे आणि शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवणे या तीन प्रसंगी हे घडण्याचा संभव असतो. म्हणून किमान आठवडाभराचा साठा घरी असावा. रुग्णालयात दाखल होताना गोळ्या मूळ पाकिटांसह आणि वेळापत्रक ठळक अक्षरात लिहून सोबत न्यावे. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना भेटून शेवटची गोळी कधी आणि पुढची कधी, हे ठरवून घ्यावे. गिळता येत नसेल तर नळीतून देण्याची किंवा पट्टी लावण्याची सोय करता येते. रुग्णालयाच्या औषधवाटपाची वेळ आणि रुग्णाच्या गोळीची वेळ जुळत नसेल, तर शुभंकराने नम्रपणे पण ठामपणे बोलावे. तापासह ताठरपणा वाढला, शुद्ध हरपली, गिळताना वारंवार ठसका लागू लागला, तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नये.

नववी पायरी: पुढच्या भेटीची तयारी

काही लक्षणे गोळ्यांना फारशी जुमानत नाहीत: तोल जाणे, बोलणे पुटपुटल्यासारखे होणे, वास न येणे, स्मृतीतील बदल. त्यांच्यासाठी मात्रा वाढवत गेल्यास दुष्परिणाम तेवढे वाढतात. तिथे व्यायाम, भौतिकोपचार, वाणी-उपचार आणि स्मृतीसाठी रिव्हास्टिग्मिनसारखी वेगळी औषधे उपयोगी पडतात. पाऊल जमिनीला चिकटल्यासारखे होत असेल, तर ते ऑफमध्ये होते की ऑनमध्येही, हे आवर्जून नोंदवावे, कारण दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. दिवसातून पाच-सहा वेळा लेव्होडोपा घेऊनही बराच काळ ऑफमध्ये जात असेल, तर अपोमॉर्फिनचे इंजेक्शन, आतड्यात पंपाने सोडले जाणारे औषध किंवा मेंदूत विद्युतअग्र बसवण्याची शस्त्रक्रिया यांबद्दल स्वतःहून विचारावे. शस्त्रक्रियेचा लाभ प्रामुख्याने अशांना होतो ज्यांची लक्षणे लेव्होडोपाने अजूनही चांगली सुधारतात, त्यामुळे हा प्रश्न फार उशिरा विचारण्यात अर्थ राहत नाही.

भेटीला जाताना तीन दिवसांची वही, आडवे आणि उभे असतानाचे रक्तदाब, सर्व पाकिटे आणि मोबाइलवरील चित्रण न्यावे. शेवटची गोळी किती वाजता घेतली ते खुर्चीत बसताच सांगावे, आणि खोलीतून बाहेर पडण्यापूर्वी नव्या वेळा डॉक्टरांसमोर वाचून दाखवाव्यात.